नसारियोंचा डावा गाल

नसारियो विल्का बाजारातून घरी आले तेव्हा त्यांच्या डाव्या पायात चप्पल नव्हती. नुकत्याच गारा पडून गेल्या होत्या, पोतोसी या उंचावरच्या खाणगावातल्या त्या चढाच्या गल्लीत पांढरा गारढोण चिखल झाला होता, आणि त्यातून म्हातारा एक पाय चपलेत, एक पाय उघडा असा आरामात चालत वर आला होता. त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली आणि बटाटेवाली दिवसेंदिवस लबाड होत चालली आहे, असं सांगितलं.

"ताता, चप्पल कुठंय?" देल्मिराने विचारलं. ती त्यांची एकुलती एक मुलगी. शिवणयंत्रावर बसली होती. शाळा उघडायला आल्या होत्या आणि पोरांचे पांढरे डगले शिवता शिवता तिची मान मोडून आली होती.

"पायात," नसारियो म्हणाले.

"दुसरी?"

त्यांनी खाली पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं. दुसऱ्या कुणाचा तरी पाय चुकून आपल्याबरोबर घरी आला असावा, असा त्यांचा चेहरा झाला. "सकाळी होती," ते म्हणाले.

चप्पल खाली पावाच्या दुकानासमोर सापडली. पाय लालभडक झाला होता आणि अंगठ्यात काच घुसली होती. देल्मिराने काच काढली तेव्हा नसारियो खिडकीबाहेर बघत होते.

"दुखत नाही?"

"काढलीस का?"

"गार तरी वाटलं असेल ना एवढं चालताना?"

"उजव्याला वाटलं. डाव्याने काही तक्रार केली नाही."

मग एकेक गोष्ट बाहेर आली. नाताळपासून घरातले तीन पेले फुटले होते, त्याचा आळ देल्मिराने मांजरावर घेतला होता. डाव्या हाताच्या बोटांवर भाजल्याचा फोड होता. रात्री अंथरुणात डावा हात अंगाखाली सापडला की कुणीतरी शेजारी येऊन झोपलंय असं वाटून ते दचकून उठत. हात हलत होता, पाय चालत होता, ताकद होती तेवढी होती. फक्त डाव्या बाजूला काही कळत नव्हतं.

"आणि हे मला सांगितलं नाही?"

"डावी बाजू सांगेल असं वाटलं होतं," नसारियो म्हणाले.

हे सगळं नेमकं त्याच महिन्यात व्हायचं होतं. खाली तारिहाच्या खोऱ्यात रेम्बेर्तो नावाचा एक विधुर होता. द्राक्षाचा लहानसा मळा, मोठे कान आणि कमी बोलणं. दर रविवारी तो फोन करायचा आणि द्राक्षं बरी आहेत असं सांगायचा. नाताळच्या रविवारी त्याने एक वाक्य जास्त बोलून टाकलं होतं. "काढणीच्या आधी आलीस तर लग्न करू, नंतर मला फुरसत नसते." देल्मिराने हो म्हटलं होतं. सेहेचाळिसाव्या वर्षी बाईने यापेक्षा गोड बोलण्याची वाट बघत बसू नये, असं तिचं मत होतं. शिवाय तिला तो आवडायचा. त्याचे कानसुद्धा आवडायचे.

नसारियोंना खाली घेऊन जाण्याचा प्रश्नच नव्हता. ते एकदा गेले होते आणि दुसऱ्या दिवशी परत आले होते. "खाली हवा फार आहे," म्हणाले होते, "एवढी कुठं ठेवायची तेच कळत नाही." तेव्हा गोष्ट सरळ होती. म्हाताऱ्याचं दुखणं साधं निघालं तर देल्मिरा तारिहाला जाणार. साधं नसलं तर ती याच खिडकीत बसून पुढच्या वर्षीचे डगले शिवणार. तिला बापाची काळजी होती आणि स्वतःचीही होती, आणि या दोन्ही काळज्या एकाच माणसाच्या डाव्या बाजूला येऊन बसल्या होत्या, याची तिला मनातून लाज वाटायची.

शेजारच्या प्लासिदाबाई, देल्मिराच्या माद्रिना, म्हणजे तिच्या बाप्तिस्म्याला तिला मांडीवर घेतलेल्या धर्ममाता, त्याच संध्याकाळी येऊन बघून गेल्या. त्यांना कारण दारातूनच कळलं.

"वारं शिरलंय. चुलीपाशी घाम येतो आणि हा बाबा तसाच दारात जाऊन उभा राहतो. डावीकडे दार, डावी बाजू गेली. यात काय शोधायचंय?"

"मग उजवीकडे दार असतं तर?" नसारियोंनी विचारलं.

"तर उजवी गेली असती. तुझ्यासारख्याला कुठलंही दार पुरे."

त्यांनी दारूत भिजवलेल्या पाल्याने म्हाताऱ्याला मानेपासून टाचेपर्यंत चोळलं. उजवी बाजू झोंबून लाल झाली. डावीला पत्ता नव्हता.

दुसरं कारण क्रिस्पीनने आणलं. क्रिस्पीन युक्रा हा नसारियोंचा खाणीतला सोबती. ड्रिल चालवून चालवून त्याचे कान गेले होते, त्यामुळे तो सगळ्या गोष्टी डोंगराला ऐकू जातील अशा आवाजात सांगायचा. त्याच्या मते हे काम तिओचं होतं. वर देव आणि खाली तिओ, अशी त्या डोंगरातली वाटणी. बोगद्याच्या आत शिंगं लावून बसलेला तो मातीचा धनी. त्याला कोकाची पानं, विडी आणि दारू दिल्याशिवाय कुणी छिन्नीला हात लावत नाही.

"शेवटच्या दिवशी तू त्याचा निरोप घेतला नाहीस, कोम्पाद्रे. तुझं पोट बिघडलं होतं, तू पळालास. मी बघितलंय."

"तीन वर्षं झाली त्याला."

"काय?"

"तीन वर्षं!"

"मग? त्याला कुठं घाई आहे? अर्धा ठेवून घेतलाय त्याने तुझा."

दोघे शुक्रवारी डोंगरात गेले, तिओच्या तोंडात विडी पेटवून ठेवली, गळ्याभोवती कोकाची पानं वाहिली, आणि त्याच्याबरोबर बसून बाटली संपवली. परत आले तेव्हा नसारियोंच्या दोन्ही बाजू बधिर होत्या, पण त्याचं कारण सगळ्यांना माहीत होतं.

शेवटी देल्मिरा त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. तिथली डॉक्टर वयाने लहान होती, खालच्या सपाट मुलखातून नुकतीच बदलून आलेली, दोन स्वेटर घालून बसलेली. तिने सुई टोचून टोचून हात पाहिला, पाय पाहिला, पोट पाहिलं.

"आजोबा, हे कळतंय?"

"मला नातू नाही," नसारियो म्हणाले. मग देल्मिराकडे बघून, "अजून."

"आणि तोंड? गालाला बधिरपणा आहे?"

"तो नेहमीचाच," देल्मिरा म्हणाली. "तो सोडा."

"तो सोडा," नसारियोही म्हणाले.

आणि डॉक्टरनेही तो सोडला. कारण नसारियोंचा डावा गाल लिंबाएवढा फुगलेला होता आणि त्यात कोकाच्या पानांचा तोबरा होता. तो तिथे पस्तीस वर्षं खाणीत होता आणि खाण सुटल्यावरही होता. पानं गालात भरायची, राखेचा खडा चावायचा, रस उतरला की भूक, थंडी, दम सगळं मागे सरतं आणि गाल बधिर होतो. नाही झाला तर पानवालीशी भांडायचं असतं. गाल बधिर आहे ही तक्रार घेऊन या गावात कुणी डॉक्टरकडे गेलेलं नाही.

डॉक्टरने मानेचा फोटो काढायला लावला. इतकी वर्षं डोक्यावर डोंगर घेऊन काम केलेल्या माणसाची मान जशी असावी, तशीच ती निघाली. दोन मणके घासलेले होते. "इथे नस दबत असेल," ती म्हणाली आणि गोळ्या दिल्या. देल्मिराला इतका आनंद झाला की परतीच्या वाटेवर तिने बापाला सालतेन्या, म्हणजे मांसाच्या गरम करंज्या, खायला घातल्या. मान. किती साधी, किती सज्जन गोष्ट. मानेसाठी कुणाचं लग्न मोडत नाही.

गोळ्या संपल्या. मानेला बरं वाटू लागलं. डाव्या बाजूला कसलाच फरक नव्हता.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरने आधी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. तिच्या अंगावर आता एकच स्वेटर होता.

"आजोबा, तो गाल. कोका थुंकल्यावर शुद्धीवर येतो का?"

"कोका थुंकल्यावर मी झोपतो."

"आणि सकाळी?"

"सकाळी दुसरा भरतो."

"मधे कधी?"

नसारियोंनी विचार केला. मधे असं काही त्यांच्या आयुष्यात नव्हतं.

"हे बघा," डॉक्टर देल्मिराकडे वळली, "नुसता हात आणि पाय असता तर मान, पाठ, काहीही धरता आलं असतं. पण मानेच्या नसा गालाकडे जात नाहीत. गालसुद्धा गेला असेल तर बिघाड वर आहे. डोक्यात. रक्ताची गुठळी. आणि एक अडकली तर दुसरी अडकू शकते, मोठी. मी पहिल्याच दिवशी गाल बघायला हवा होता. तुम्ही सोडा म्हणालात आणि मी सोडला. तुम्ही यांना सुक्रेच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन जा, तिथल्या नळीच्या यंत्रात डोक्याचा फोटो काढा."

"मी त्या नळकांड्यात झोपणार नाही," नसारियो म्हणाले. "पस्तीस वर्षं बोगद्यात काढली, आता पैसे देऊन बोगद्यात जाऊ? कोकाने गाल बधिर होतो हे इथल्या कुत्र्यालाही माहीत आहे, दोक्तोरिता. तुम्ही लांबच्या आहात."

"मग कोका बंद करून दाखवा. एका तासात कळेल."

"एका तासात?" नसारियोंना तो कोकाचा अपमान वाटला. "एवढ्या वर्षांचा बधिरपणा तासाभरात जाईल? त्याला आठवडा द्या. आणि बंद नाही करणार. उजव्या गालात भरीन. डावा रिकामा. शुद्धीवर आला तर कोका, सुक्रे रद्द, आणि ही तारिहाला जाईल. नाही आला तर मी नळकांड्यात."

डॉक्टरला हे पसंत नव्हतं हे तिच्या नाकावर दिसत होतं. पण या म्हाताऱ्याला उचलून गाडीत घालता येणार नाही, हेही तिला दिसत होतं. तिने रक्त पातळ ठेवायची एक गोळी रोज घ्यायला सांगितली आणि तोंड वाकडं झालं किंवा जीभ अडखळली तर तिथल्या तिथे घेऊन या म्हणून देल्मिराला बजावलं.

उजव्या गालात कोका भरणं ही बाहेरच्याला वाटते तितकी किरकोळ गोष्ट नव्हती. नसारियोंच्या टोळीतले सगळे डावीकडे भरायचे. मुकादमाने तसंच शिकवलं होतं, आणि उजवीकडे भरणारे म्हणजे दुसऱ्या पाळीचे, ज्यांच्याशी यांचं कधी पटलं नाही. संध्याकाळी चौकातल्या बाकावर सगळे म्हातारे डावा गाल फुगवून ओळीने बसले की उजवीकडून बघणाऱ्याला सगळे उपाशी वाटत. त्या ओळीत नसारियो उलटा गाल घेऊन जाऊन बसले.

"दात पडला?" क्रिस्पीन गरजला.

"नाही."

"मग तिकडचा झालास काय रे?"

"प्रयोग चाललाय."

"काय?"

"प्रयोग!"

"तेच म्हणतो मी," क्रिस्पीन बाकीच्यांना म्हणाला, "प्रकृती बिघडलीय याची."

नसारियोंना उजवीकडे चावता येईना. पानं घशात जात. ठसका लागे, जीभ चावली जाई, आणि हिरवी लाळ शर्टावर सांडे. देल्मिराला वाईट वाटायचं, पण ती रोज सकाळी न्याहारीच्या वेळी चमचा घेऊन समोर बसायची.

"डोळे मिटा."

ते मिटायचे. ती गार चमचा डाव्या गालाला लावायची.

पहिल्या सकाळी ते म्हणाले, "काही नाही." दुसऱ्या सकाळी म्हणाले, "काहीतरी आहे. लांबून." तिसऱ्या सकाळी त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाले, "गार."

"खरंच?"

"गार आहे. चमचा आहे ना?"

देल्मिराने तो चमचा तसाच हातात धरून ठेवला. तिला कोकाच्या पानांचा, पानवालीचा, त्या सबंध झाडाचा मुका घ्यावासा वाटला. त्या दिवशी तिने डगल्यांची शेवटची थप्पी पोचती केली आणि पलंगाखालची पेटी ओढून झटकून ठेवली. रविवारी रेम्बेर्तोचा फोन आला.

"द्राक्षं बरी आहेत," तो म्हणाला.

"मी येतेय," ती म्हणाली.

"खोलीला चुना मारून घेतो," रेम्बेर्तो म्हणाला. त्याचा आवाज जरा निराळा येत होता.

आठवडा संपत आला तसे नसारियो खुशीत आले. "बघ," ते म्हणायचे, "आख्खा गाल परत आला. हात-पाय येतील मागून." हात-पाय काही आले नव्हते, पण गाल आला होता, आणि पैज गालावरच लागलेली होती.

शेवटच्या दिवशी देल्मिराने त्यांच्या आवडीची कालापुर्का केली. मक्याच्या पिठाचं दाट सूप, त्यात तिखट आणि सुकं मांस, आणि वाढताना वाडग्यात विस्तवातून काढलेला तापलेला दगड सोडायचा. सूप वाडग्यात उकळत राहतं. पोतोसीच्या थंडीत सकाळी त्याशिवाय माणूस उभा राहत नाही. घाई करणाऱ्याची जीभ भाजते म्हणून सगळे फुंकर घालत घालत खातात.

नसारियो फुटबॉलबद्दल बोलत होते. गावच्या संघाने गोलकीपर कसा वेंधळा आणला, बापाच्या ओळखीवर कसा घेतला, हे सांगता सांगता ते चमचा तोंडात घालत होते. डाव्या ओठाच्या कोपऱ्यातून सूप बाहेर आलं. ते उकळतं सूप होतं. अजून बुडबुडत होतं. ते हनुवटीवरून ओघळलं, गळ्यावर गेलं, आणि मागे लाल पट्टा उठत गेला.

"त्याला चेंडू दिसतो कधी तर जाळ्यात गेल्यावर," नसारियो म्हणाले आणि पुढचा चमचा घेतला.

देल्मिरा उठली नाही. तिने फडकंही पुढे केलं नाही. ती नुसती त्या लाल पट्ट्याकडे बघत राहिली, आणि तिला आठवलं की रोज सकाळी चमचा लावायच्या आधी ती पुढे वाकते आणि तिच्या खुर्चीचा पाय करकरतो.

"ताता, डोळे मिटा."

"आत्ता? खातोय ना."

"शेवटचं. मग झालं."

त्यांनी डोळे मिटले आणि गाल पुढे केला. देल्मिरा पुढे वाकली. खुर्ची करकरली. तिने हात मात्र मांडीवरच ठेवले.

"गार," नसारियो म्हणाले. "चमचा."

"चमचा चहात आहे, ताता."

नसारियोंनी डोळे उघडले नाहीत. दगडाभोवती सूप बुडबुडत होतं.

"मग कोमट असेल," ते म्हणाले.

देल्मिराला हसू आलं, आणि हसता हसताच रडू आलं, आणि मग असा राग आला की तिने टेबलावर मूठ आपटली. "मला फसवून पाठवणार होतात? मी तिकडे लग्नाचा केक खात बसले असते आणि तुम्ही इथे, या जमिनीवर एकटे..."

"मी टेबलाशी बसणार होतो."

"ताता."

नसारियोंनी डोळे उघडले. ते ओले होते. दोन्ही. "तुझी आई गेली तेव्हा मी तुला एक वर्ष थांब म्हणालो होतो," ते म्हणाले. "आठवतं? त्या पोस्टातल्या पोराला तू सांगितलंस, एक वर्ष. त्याची मुलं आता कॉलेजात आहेत. ते माझं एक वर्ष अजून संपलं नाही, देल्मिरा. मला ते संपवायचं होतं."

तिने उठून ओलं फडकं त्यांच्या गळ्यावर ठेवलं. बापाचा इतका राग आणि इतकी माया तिला एकाच वेळी कधी आली नव्हती, आणि दोन्हींचं काय करावं हे न सुचून ती ते फडकं दाबून धरत राहिली.

"हे कळतंय का?" तिने विचारलं.

"नाही," नसारियो म्हणाले. पहिल्या सकाळनंतर त्यांनी दिलेलं ते पहिलं खरं उत्तर होतं.

दुसऱ्या दिवशी ते सुक्रेला गेले. गाडीत नसारियो खिडकीशी बसले आणि गुपचूप कोका पुन्हा डावीकडे भरला. नळकांड्यात शिरताना त्यांनी तिथल्या माणसाला विचारलं की आत छत कोसळलं तर वर ओढायला दोर आहे का.

तिथल्या डॉक्टरने फोटो उजेडात धरला. उजव्या बाजूला, खोल आत, मसुरीएवढा एक डाग होता. तेवढ्याने डावी बाजू गेली होती. आणि शेजारी आणखी एक डाग होता.

"हा जुना आहे," तो म्हणाला. "वर्ष झालं असेल, दोनही असतील. तेव्हा काय झालं होतं? बहुतेक नुसता चेहरा बधिर झाला असेल. डावा गाल. तेव्हा दाखवलं असतं तर रक्तदाब सापडला असता, आणि हा दुसरा झालाही नसता कदाचित. तुमच्या लक्षात नाही आलं?"

देल्मिराने बापाच्या फुगलेल्या गालाकडे पाहिलं. तिथे कोकाचा पहारा आहे म्हणून आख्खं गाव निवांत झोपलं होतं.

"तो आम्ही सोडला," ती म्हणाली.

रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या. कोका कमी करा म्हणून सांगितलं, तो नसारियोंनी लिंबावरून बोरावर आणला. हात निम्मा परत आला, पाय थोडा. गाल आला नाही. झोपण्यापूर्वी डावा पाय डोळ्यांनी तपासायचा आणि गरम काहीही आधी उजव्या हाताने बघायचं, हे त्यांना पाठ झालं. देल्मिराने रविवारी रेम्बेर्तोला सांगितलं की ती येत नाही.

"बरं," रेम्बेर्तो म्हणाला. आणि मग, "छाटणीच्या वेळीही मला फुरसत असते."

छाटणी जूनमध्ये, तिकडच्या हिवाळ्यात असते. तोवर क्रिस्पीन बोचकं घेऊन नसारियोंच्या घरी राहायला आला होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. निदान त्याला ऐकू आलं नव्हतं. एकाला ऐकू येत नाही आणि दुसऱ्याला अर्धं अंग कळत नाही, दोघं मिळून एक धड म्हातारा होतो, असं प्लासिदाबाई म्हणाल्या आणि दोघांची न्याहारी आपल्याकडे ठेवून घेतली. तरी देल्मिराचा पाय निघेना. रोज सकाळी तिचा हात चमच्याकडे जायचाच.

"तू इथे राहिलीस," नसारियो शेवटी म्हणाले, "तर मी मरेपर्यंत तू मला चमचे लावशील. जा. त्याच्या कानांना लाव."

पहाटेची गाडी होती. बस तळावर सगळ्यांच्या तोंडातून वाफ निघत होती. क्रिस्पीनने पेटी टपावर चढवली आणि ती नीट बांधली आहे हे सगळ्या प्रवाशांना सांगितलं. नसारियो कानटोपी घालून, डावा गाल बोराएवढा फुगवून उभे होते. दोन्ही पायांत चप्पल होती. देल्मिराने पाहून घेतलं.

ड्रायव्हरने भोंगा वाजवला. ती घाईने बापाच्या गळ्यात पडली, जवळ आला त्या गालाचा मुका घेतला आणि पायरीवर चढली.

"वाया गेला," नसारियो म्हणाले.

ती थांबली.

"तो डावा होता. मला काही कळलं नाही." त्यांनी तोंड फिरवून दुसरा गाल पुढे केला. "म्हणून तर हा मोकळा ठेवलाय."

देल्मिरा पायरीवरून उतरली. नसारियोंनी कुणी न सांगता डोळे मिटले. तिने उजव्या गालावर ओठ टेकवले आणि ड्रायव्हर दुसऱ्यांदा भोंगा वाजवेपर्यंत तसेच ठेवले.

"काय वाटलं?" तिने विचारलं.

"कोमट," नसारियो म्हणाले.